तेजरामनं घातलेला मांडव

उमरटोलीत द्राक्षाची वेल एकच होती, आणि ती धुरपताबाई शहारेच्या सांदवाडीत होती. घरामागच्या मोकळ्या जागेला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. कोणाच्या सांदवाडीत वाल असतो, कोणाच्या दोडका, फार झालं तर पपईचं झाड. द्राक्ष आमच्या गावात यायचं ते पवनीच्या बाजारातून, कागदाच्या पुडीत, कोणी आजारी पडलं तर. आमचा मुलूख वैनगंगेच्या काठचा, धानाचा. पाण्यात पाय रोवून उभं राहणारं पीक आम्हाला कळतं. काडीचा हात धरून आभाळाकडे चढणारं पीक आम्हाला कळत नव्हतं, आणि धुरपताबाईलाही कळत नव्हतं. तरी तिनं ते लेकरासारखं सांभाळलं.

वेल आणली होती तिच्या नवऱ्यानं. त्याचं नाव तेजराम. धानाची मळणी आटोपली की तो नाशिककडे द्राक्षाच्या मळ्यात कामाला जायचा आणि उन्हाळ्यात परत यायचा. एकदा तर तो वर्षभर तिकडेच राहिला, दोन्ही छाटण्या आपल्या हातानं करून आला. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा निघाला, त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. चैत्रात तो गावात उतरला तेव्हा त्याच्या काखेत ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या तीन काड्या होत्या.

"हे का आणलं?" धुरपतानं विचारलं.

"द्राक्षं."

"ह्या तर चुलीत घालाच्या काड्या आहेत."

"आज काड्या आहेत. चार वर्षांनी ये मांगाले, मंग सांगतो."

मळ्यात सगळी बिनबियांची द्राक्षं होती, गाडी भरून परदेशात जाणारी. त्यातली काडी त्यानं आणली नाही. मळ्याच्या कुंपणावर मालकाच्या आजोबानं लावलेली एक जुनी, काळ्या मण्यांची, बियांची वेल होती. तिच्या काड्या त्यानं मागून घेतल्या. मालक हसला होता म्हणे. तेजरामचं म्हणणं सरळ होतं. "ज्याले बी नाही ते आपल्या घरी कायले?" धान पिकवणाऱ्या माणसाला बियाणं हेच पीक वाटतं, बाकीचं नुसतं खाणं.

आंघोळीचं पाणी जिथून वाहायचं तिथं त्यानं तिन्ही काड्या रोवल्या. दोन वाळल्या. एकीला पालवी फुटली, भातुकलीच्या ताटलीएवढं पान आलं. वैशाख तोंडावर होता. तेजरामनं चार वेळू रोवले, वेळू चिरून केलेल्या कमच्या आडव्या बांधल्या, वर पळसाच्या हिरव्या फांद्या टाकल्या.

"कवळी आहे," तो म्हणाला. "आपलं ऊन सोसणार नाही."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. वर्षातून दोनदा कापायचं. एकदा चौदा एप्रिलची जयंती झाली की, आणि एकदा दीक्षाभूमीहून परत आलं की. दसऱ्याला नागपूरला आमच्या गावचे बौद्ध लोक दरवर्षी जायचे, त्यामुळे ही दोन्ही कापणं धुरपताच्या डोक्यात पक्की बसली. तारीख विसरता येते, जयंती विसरता येत नाही. काडीवरच्या पेराला, पानाच्या देठाजवळ, एक उंचवटा असतो. त्याला मळ्यात डोळा म्हणतात. तो बोटानं दाखवत तेजराम म्हणाला होता, "ह्या डोळ्यात वैशाखात घड बसते. आपल्याले दिसत नाही. बाहेर निघते दिवाळीच्या सुमाराले, पण बसते वैशाखात."

"पोटात लेकरू असल्यावानी?"

"तसंच समज."

धुरपताला वाटलं, माणूस गंमत करतो आहे. नाशिकहून आला की तो असंच काहीबाही सांगायचा.

त्या वर्षी श्रावणात, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू असताना, तेजरामला ताप चढला. चिखलातून त्याला बाजेवर उचलून आणलं. भंडाऱ्याला नेईपर्यंत तो गेला. प्रतिक्षा, त्याची एकच मुलगी, तेव्हा शाळेत जायला लागली होती.

पुढं धुरपताबाई जगली ती आमच्या डोळ्यांसमोर. दोन बांध्या होत्या, म्हणजे धानाची बांध घातलेली दोन लहान वावरं. ती स्वतः नांगरटीला जोडी मागून आणायची, स्वतः पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, टाकायची, आणि आपला रोवणा झाला की दुसऱ्याच्या बांधीत कमरेत वाकायची. रडताना तिला कोणी पाहिलं नाही. बोलायची कमी. वेलीला ती तेजरामनं सांगितल्याप्रमाणे दोनदा कापायची. शेणखत घालायची. आणि दर चैत्रात, जयंतीनंतरची छाटणी झाली की, चार वेळू नवे करून वर पळसाच्या फांद्या अंथरायची. नवऱ्यानं शेवटच्या उन्हाळ्यात केलेलं काम ते. त्यात एक फांदी इकडची तिकडे व्हायची नाही. वेल वाढली तसा तिनं मांडवही वाढवला. गाव आपल्या घरापुढं सावलीसाठी मांडव घाले. धुरपताबाई आधी मागं घाले, मग पुढं.

वेल झाली पण मोठी. खोड मनगटाएवढं जाड. पानं अशी दाट की खाली दुपारीही संध्याकाळ असायची. आमच्या म्हाताऱ्या बायका तिथं तांदूळ निवडायला बसायच्या. पण घड लागला नाही. दिवाळीच्या सुमारास नवे कोंब यायचे आणि जिथं घड यायचा तिथं दोऱ्यासारखी बाळी निघायची, जी मिळेल त्याला विळखा घालायची. एक वर्ष, दोन वर्षं, मग कोणी मोजणं सोडून दिलं.

शेजारच्या यादोरावांनी मात्र सोडलं नव्हतं. त्यांची अन् धुरपताबाईची भिंत एक. ते सकाळी दात घासत भिंतीवरून डोकावायचे.

"का वं धुरपताबाई, द्राक्षं कवा देतेस? माह्ये दात पडून राहिले."

"दात नसले तरी चालते, यादोभाऊ. द्राक्षं चावाचं कामच नाही."

"मंग लवकर दे. पुढच्या साली गिळताही येनार नाही."

त्यांची बायको ललिताबाई आत चुलीपासून ओरडायची, "तिले कायले छळता? तुमच्या बांधीतलं धान तरी कवा वेळेवर येते?" आणि मागाहून धुरपताला हळूच म्हणायची, "पर खरं सांगू का धुरपते, शेळीले पाला झाला, एवढंच. काढून टाक. एखादा लिंबू लाव."

धुरपता वेलीच्या बुडाशी पाणी ओतत राहायची. तेजरामनं तिला घरची द्राक्षं खाऊ घालतो म्हटलं होतं. तो शब्द त्याच्यामागं तिथं उभा होता, हिरवा, पानापानांनी. तो ती काढणार कशी?

मग धरणाचं पाणी आलं. गोसीखुर्दचं धरण आमच्या लहानपणापासून बांधून राहिले होते, त्यामुळे ते कधी पुरं होईल असं कोणाला वाटतच नव्हतं. ते झालं. आमच्या गावाची पाळी पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याआधी, असं सांगून साहेब लोक गेले. नवी उमरटोली नदीपासून दूर, बरड माळावर आखली होती. चुन्याच्या रेघा, मुरूम आणि एकही झाड नाही. लोक घराच्या फाट्यांवर, म्हणजे छपराच्या लाकडांवर, दारांवर हात फिरवू लागले. कोणाला विहिरीचं दुःख, कोणाला मोहाच्या झाडाचं. धुरपताबाईनं तेव्हा एकदाच ललिताबाईजवळ बोलून दाखवलं.

"मले का पाहिजे बाई, घर तर मातीचं आहे, कुठंही होते. येवढी वेल एकदा फळू दे. तिचं बी मिळालं तर मी कुठंही जातो म्हनीन. असं वांझोटी ठेवून पाण्यात कशी सोडू तिले?"

गाव उठायच्या एक वर्ष आधीच्या उन्हाळ्यात प्रतिक्षाचं पहिलं बाळंतपण आलं. तिला कारध्याला दिली होती, भंडाऱ्यासमोर, नदीच्या पलीकडं. धुरपतानं जयंतीनंतर नेहमीसारखी वेल कापली, वर मांडव घातला, आणि पिशवी उचलून कारध्याला गेली. दुसऱ्याच आठवड्यात वादळ आलं. ललिताबाईच्या छपराची कवेलू उडाली, सांदवाडीमागच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठचं बाभूळ पडलं, आणि वेलीवरचा मागच्या रस्त्याकडचा अर्धा मांडव उखडून पार ओढ्यात गेला. अर्धा राहिला.

यादोराव नवा घालायला निघाले होते. ललिताबाईनं आपल्या घरावरची कवेलू आधी करायला लावली. मग ते राहूनच गेलं. अख्खा वैशाख अर्धी वेल उघडी होती. ऊन असं की दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडायचं नाही.

धुरपताबाई मृग लागता लागता परत आली आणि आधी सांदवाडीत गेली. उघड्या बाजूची पानं चामड्यासारखी जाड झाली होती, काहींच्या कडा करपलेल्या. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"मी गेली अन् हे झालं. तिकडं नातवाचं तोंड पाहत बसली, इकडं हिले भाजू देल्लं."

पण मग ती जवळ गेली. उघड्या बाजूच्या काड्या आखूड होत्या, बोटाएवढ्या जाड, पेरं जवळजवळ, अन् तपकिरी पडलेल्या. मांडवाखालच्या काड्या लांबच लांब, बारीक, अजून हिरव्या, अंधारात वाढलेल्या कोंबासारख्या. एकाच खोडाच्या दोन बाजू, आणि वाटायचं दोन वेगळ्या जाती आहेत. तिनं दोन्ही काड्या हातात धरून पाहिल्या.

दसरा झाला. ती दीक्षाभूमीवर जाऊन आली, आणि दुसऱ्याच दिवशी विळा परजून तिनं दुसरी छाटणी केली. काही दिवसांनी डोळे फुगले, फुटले, गुलाबी केसाळ कोंब आले. मांडवाखालच्या कोंबांवर नेहमीसारख्या बाळ्या. उघड्या बाजूच्या कोंबांवर पानांच्या मधून काहीतरी निघत होतं, धानाच्या पोटऱ्यातून लोंबी निघते तसं. हिरवं, मोहरीहून बारीक दाण्यांचं.

ललिताबाई भिंतीशी भांडी घासत होती. तिला धुरपताची हाक ऐकू आली, आणि ती हाक अशी होती की राखेच्या हातांनीच तिनं धाव घेतली.

"पाह्य वं बाई. हे का आहे?"

ललिताबाईनं डोळे बारीक केले. "घड आहे वं! घड आहे हा!"

धुरपता खाली बसली. मग म्हणाली, "वैशाखात बसते म्हने. ते सांगत होते मले. मले वाटलं थट्टा करते मानूस." तिनं अर्ध्या उरलेल्या मांडवाकडं पाहिलं. "वैशाखात ह्या डोळ्याईले उजेड पाहिजे होता. अन् मी दर वैशाखात त्याईच्यावर फांद्या टाकत राह्यली. इतकी वर्सं मीच हिले झाकून ठेवलं."

"तू का जानून केलं? तेजरामभाऊनंच तर घातला होता."

"त्याईनं कवळीले घातला होता, बाई. मी जुनीलेही घालत राह्यली."

त्याच दुपारी तिनं उरलेला मांडव स्वतःच्या हातानं काढला. वेळू एकावर एक रचून ठेवले. ती किती सावकाश एक एक गाठ सोडत होती हे ज्यांनी पाहिलं, त्यांना त्या घरातून माणूस दुसऱ्यांदा उठलं असं वाटलं.

आता माणसाचं मन कसं असतं पाहा. जिनं इतकी वर्षं सावलीचा अतिरेक केला, तिला आता सावलीची भीती बसली. माघ सरला, मणी काळे पडू लागले, आणि आमच्याकडचं ऊन फाल्गुनातच दात दाखवतं. बहुतेक घड पानांच्या आत होते. एक मोठा घड रस्त्याच्या कडेला, उघड्यावर लोंबत होता. त्याच्यावरची पानं गरम वाऱ्यानं गळून गेली होती. ललिताबाई म्हणाली, "जुनं लुगडं टाक त्याच्यावर, भाजून राहिलं ते."

"नाही टाकत. येक डाव झाकून पाह्यलं."

"अवं, तो डोळा होता, हे फळ आहे!"

धुरपतानं ऐकलं नाही. त्या घडाचे मणी दुपारच्या उन्हाकडच्या बाजूनं सुरकुतले, तांबूस डाग पडले. आतले घड मात्र काळेभोर, वर धूळ बसल्यासारखी पांढरट साय.

तिनं घड लवकर तोडले नाहीत. बियाण्याचं धान जसं आम्ही पुरतं वाळेपर्यंत उभं ठेवतो, तसे ठेवले. पाखरांना हाकलत ती खाली बसून राहायची. मग एका सकाळी तिनं सगळे घड उतरवले आणि गावाला बोलावलं. गाव उठायला महिना-दोन महिने होते. अर्ध्या घरांची कवेलू उतरली होती. लोक आले ते तसेच धुळीच्या अंगानं. तिनं दारात पितळेचे दोन लोटे ठेवले.

"खा. पर बी थुकू नोका. ह्या लोट्यात टाका. अन् कडेच्या घडाचं ह्या दुसऱ्या लोट्यात." दोन बांध्यांचं बियाणं आम्ही कधी एकत्र करत नाही, तसंच तिनं हे केलं.

यादोरावांनी मणी तोंडात टाकला, डोळे मिटले. सगळे त्यांच्याकडं बघत राहिले.

"कसं आहे?" ललिताबाईनं विचारलं.

"थांब. येवढ्या सालांची वाट पाह्यली, लवकर गिळू का?"

"गिळू नोका! बी आहे त्यात!"

"गिळलं, तर उद्या देतो," यादोराव म्हणाले, आणि त्या उठून जाणाऱ्या गावात कितीतरी दिवसांनी लोक पोट धरून हसले. धुरपताबाईही हसली. मग तिनं स्वतः एक मणी घेतला, घराकडं पाठ करून खाल्ला. साल जाड होती, आधी आंबट, मग गोड. तिनं बी हातावर काढलं आणि कितीतरी वेळ त्याच्याकडं पाहिलं. तेजरामचा शब्द पुरा झाला होता. आता त्याची वेल पुढं न्यायची होती.

बियाणं पारखायची आमची एक रीत आहे. मीठ घातलेल्या पाण्यात अंडं सोडायचं. अंडं तरंगेपर्यंत मीठ वाढवायचं. मग त्यात धान ओतायचं. पोचट दाणा वर येतो, भरलेला तळाशी बसतो. वर आलेलं कोंबड्यांना, खाली बसलेलं पऱ्ह्यांना. धुरपतानं तेच केलं. ललिताबाईनं अंडं आणलं. घमेल्यात पाणी कालवलं, आणि पहिल्या लोट्यातलं बी त्यात सोडलं.

सगळं वर आलं. एकही खाली गेलं नाही.

धुरपताचा हात घमेल्याच्या काठावर तसाच राहिला. तिनं बोटांनी बिया खाली दाबल्या. त्या पुन्हा वर आल्या. इतक्या वर्षांनी फळ आलं आणि तेही पोचट, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

यादोराव पुढं आले. त्यांची थट्टा कुठं गेली होती कोणास ठाऊक. "अवं धुरपताबाई, मीठ धानाच्या हिशेबाचं आहे. हे का धान आहे? साधं पानी दे इकडं." त्यांनी घागर उचलली आणि घमेल्यात हळूहळू पाणी ओतायला लागले. खारं पाणी काठावरून सांडत गेलं, पातळ होत गेलं. अंडं बुडालं. मग एक बी डुगडुगलं आणि खाली गेलं. मग दुसरं. मग असं थोडं थोडं, तळाशी मूठभर जमलं.

"राह्यल्या," ललिताबाई पुटपुटली. "राह्यल्या वं."

दुसऱ्या लोट्यातलं, म्हणजे उघड्यावर भाजलेल्या घडाचं बी साध्या पाण्यातही तरंगत राहिलं. धुरपतानं त्यातलं एक विळीवर चिरलं. वरचं कवच पातळ, फिक्कं. आत काही नाही, नुसती पोकळी आणि सुकलेला पापुद्रा. मग तळाचं एक चिरलं. त्याला विळीवर जोर द्यावा लागला. कवच गडद तपकिरी, टणक, आणि आत पांढरा गर भरलेला, खोबऱ्यासारखा. दोन्ही बियांची अर्धी अर्धी फोड तिनं शेजारी शेजारी ठेवली.

"डोळ्याले ऊन पाहिजे," ती म्हणाली, "अन् फळाले पानाची सावली. मी दोन्ही डाव उलटं केलं."

"कोनाले माहीत असते?" ललिताबाई म्हणाली. "मूठभर तर आलं ना."

वैशाखात आम्ही गाव सोडलं. धुरपतानं वेलीच्या काड्याही ओल्या पोत्यात गुंडाळून नेल्या, तेजरामनं आणल्या तशाच. बुद्ध अन् बाबासाहेबांची तसबीर एका हातात, पोतं दुसऱ्या. पण नव्या जागी ना झाड ना पाणी. टँकर दिवसाआड यायचा. तेव्हा खरंच मांडव हवा होता, आणि पळस कुठंच नव्हता. मुरमावर काड्या आठ दिवसांत कोळसा झाल्या.

उरलं बी. मृगात तिनं त्यातलं अर्धं भिजवलं आणि धानाला मोड आणतो तसं ओल्या पोत्यात बांधून वर धानाचं तणीस दाबलं. धान उबेला दोन दिवसांत मोड टाकतं. हे बी उबेला कुजलं. पोतं उघडलं तेव्हा पांढरी बुरशी चढली होती. राहिलेलं अर्धं तिनं न भिजवताच अंगणाच्या कोपऱ्यात मातीत पुरलं, चार दगड लावले आणि त्याच्यापुढं काही केलं नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. तिथं गवताखेरीज काही उगवलं नाही.

त्या पावसाळ्यात धरणाचं पाणी चढलं. जुन्या गावावरून डोंगे घेऊन जाणाऱ्या ढिवरांनी सांगितलं की घरं सगळी आत गेली, पण एका जागी पाण्यावर हिरवी पानं दिसतात. धुरपताबाईनं वेल बुडातून तोडली नव्हती. ती बोडीकाठच्या उंचवट्यावरच्या बाभळीच्या खुंटावर चढली होती, तिची बाळी जे मिळेल ते धरून. धुरपता विचारायची, "अजून आहेत का पानं?" ते म्हणायचे, "आहेत, माय." मग एक दिवस ते तिच्या दारावरून गेले, आणि तिनं विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

हिवाळा उघड्या माळावर कडक पडला. जुन्या गावात झाडांच्या आडोशाला थंडी अशी कळायची नाही. इथं सकाळी घागरीचं पाणी हाताला चावायचं. म्हातारी माणसं शेकोटीपासून हलायची नाहीत. यादोराव त्याच हिवाळ्यात गेले. धुरपतानं ललिताबाईजवळ रात्ररात्र बसून काढली, आणि कोपऱ्यातल्या चार दगडांकडं तिचं लक्षच राहिलं नाही.

माघात एका सकाळी ती सडा टाकत होती. दगडांच्या मध्ये दोन पानं होती. वेलीच्या पानासारखी गोल नाहीत, लांबट, जाड, जमिनीतून डोकं वर काढलेली, आणि त्यांच्या टोकाला अजून बियाचं तपकिरी कवच अडकलेलं. तिनं हातातली बादली खाली ठेवली.

आमचं बी ऊब मिळाली की उठतं. ह्या बियाला आधी थंडी हवी होती. मातीत पडून, अंधारात, सगळा पौष सोसल्यावर ते उठलं. हे कोणी तिला सांगितलं नव्हतं, तिनं ते डोळ्यांनी पाहिलं, आणि ललिताबाईला सांगताना ती एवढंच म्हणाली, "येखादं बी थंडी खाल्ल्याबिगर उठत नाही, बाई." ललिताबाई त्या दिवशी यादोराव गेल्यापासून पहिल्यांदा घराबाहेर पडली होती, ते रोप पाहायला. दोघी दगडांपाशी उकिडव्या बसल्या. एकच रोप होतं. बाकीचं काही आलं नाही.

त्या उन्हाळ्यात धुरपताबाईनं त्या रोपाला सावली दिली. कवळं होतं. पण आता तिला सावलीचं माप कळलं होतं. कोंबड्या झाकायचं वेळूचं डालगं ती दुपारी त्याच्यावर पालथं घालायची आणि ऊन कललं की उचलायची. सकाळचं ऊन त्याला मिळायचं, दुपारचं नाही. सगळा वैशाख ते डालगं खाली-वर होत राहिलं. कारध्याहून प्रतिक्षा आली की म्हणायची, "आई, तू वेलीमागं येडी होशीन." धुरपता म्हणायची, "तुह्या बापाची आहे."

पानं मोठी झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती जुन्या वेलीच्या पानांसारखी नाहीत. कडा जास्त खोल कापलेल्या, पाठीवर लव. काडी लावली तर तीच वेल येते. बी लावलं तर नवी येते. तिला आधी वाईट वाटलं. मग तिनं प्रतिक्षाकडं पाहिलं, बापाचं नाक आणि तिसऱ्याच कोणाचा तरी राग घेऊन जन्मलेल्या, आणि तिची समजूत पटली.

पुढच्या चैत्रात वेल छातीएवढी झाली होती. जयंती झाली. मिरवणूक नव्या उमरटोलीच्या सरळ रस्त्यांवरून गेली, आणि दुसऱ्या दिवशी धुरपताबाईनं विळा घेऊन आपलं कापणं केलं. माळावर आता लोकांनी घरापुढं मांडव घातले होते. फांद्या लांबून, ट्रॅक्टरनं आणाव्या लागत. ललिताबाईच्या मांडवाच्या उरल्या. ती दोन भारे ओढत आली.

"धुरपते, पळस उरला. तुह्या वेलीवर टाकू का?"

धुरपताबाई उन्हात उभी होती, डोक्यावर पदर. वेलीच्या कापलेल्या टोकातून पाण्याचा थेंब गळत होता, जसा दर वर्षी गळतो. खाली काड्यांवर डोळे होते, बारीक, मिटलेले, उघड्या आभाळाखाली.

"नोको," ती म्हणाली. "कोंबड्याईच्या खुराड्यावर टाक. हिले राहू दे आता अशीच."

ललिताबाईनं फांद्या खुराड्यावर टाकल्या. दोघी बाया घरापुढच्या मांडवात जाऊन सावलीला बसल्या आणि तिथून वेलीकडं पाहत राहिल्या. ऊन चढत होतं.